न सुटलेल्या बाराचा पंचनामा

आमच्या घरात एक बंदूक होती आणि माझ्या सासऱ्यांचा तिच्यावर पोटच्या लेकरांपेक्षा जास्त जीव होता. मी लग्न होऊन आले, देवाच्या पाया पडले, सासूबाईंच्या पडले, तर मामाजी म्हणाले, "आता तिच्याबी पाया पड, सूनबाई." मी इकडंतिकडं पाहते तर खुंटीवर बंदूक! नव्या नवरीनं काय बोलावं? पडले पाया. माझं माहेर फुलसावंगीकडचं. तिकडे नवरीला आधी चूल दाखवतात.

गावाचं नाव मी सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर अजूनही चार जण दारात येऊन उभे राहतील, "आमाले कायले गोवलं वो बाई?" म्हणून.

तर बंदूक. ती ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, गजानं ठासायची. मग चिंध्या, परत ठासायचं. मग छर्रे, परत ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा, की बार. एवढं होईपर्यंत रानडुक्कर शेंगा खाऊन, बायकापोरांना हाका मारून, निवांत घरी जाई. पण मामाजींचं म्हणणं, डुकरांना तिचा आवाज ओळखीचा आहे. आणि ते खरंही होतं. आमचं वावर नाल्याकाठी, पलीकडे लगेच झुडपी जंगल. अधूनमधून एखादा बार काढला की डुकरं पलीकडच्या काठानंच फिरत. त्या वावरात आमचा भुईमूग असे. घरातलं तेल, लुगडी, लेकरांची औषधं, सगळं त्या शेंगांवर चाले.

बंदुकीचं लायसन होतं, पीकसंरक्षणाचं, अगदी पक्कं. मामाजी ते पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत. दरवर्षी ते नवं करून आणायला बंदूक धोतरात गुंडाळून एसटीनं तालुक्याला जात. कंडक्टर विचारी, "बाबाजी, हे काय हाय?" मामाजी खरं बोलणारे. "बंदूक," म्हणत. लगेच आजूबाजूची बाकं रिकामी होत. कितीही गर्दी असो, त्यांना ऐसपैस बसायला मिळे. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगत, "लायसनवाल्या माणसाले मान असते."

पुढे पंचायत समित्या आल्या आणि आमच्याच गावातले एक गृहस्थ सभापती झाले. गावच्या नात्यानं ते माझे दीर लागत, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणत असे. मनात काय म्हणत असे ते सोडा. ते सभापती झाले आणि अंगणात जीप आली, ओसरीवर दुनळी बंदूक आली. चकचकीत. काडतूस घाला, दाबा, धडाम! आणि तिचं लायसन? "येऊन राह्यलं," म्हणायचे भाऊजी. "यवतमाळहून निघालं हाय." पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, लायसन आपलं निघालेलंच. यवतमाळ म्हणजे काही काशी नव्हे. एसटी गावात आली की मामाजी मुद्दाम मोठ्यानं विचारत, "उतरलं का रे सभापतीचं लायसन?"

त्याच सुमाराला ठाण्यात नवे ठाणेदार आले. महाराष्ट्र झाल्यापासून पुण्याकडचे साहेब इकडे येऊ लागले होते, हे त्यांतलेच. बोलणं गोड, मिशा बारीक, आणि कायद्याला एकदम पक्के. आल्या आल्या त्यांनी सगळ्या लायसनवाल्यांना ठाण्यात बोलावून बंदुका तपासल्या. लायसनची घडी फाटली होती एवढ्यासाठी मामाजींना दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. सभापतींना बोलावणंच नाही. बरोबरच आहे. लायसनवाल्यांना बोलावलं होतं, आणि त्यांच्याकडे कुठं होतं लायसन?

उलट साहेबच त्यांच्याकडे जेवायला गेले. दुनळी समोरच्या भिंतीवर टांगलेली. साहेबांनी वडे खाल्ले, भाऊजींच्या बायकोच्या हाताचं कौतुक केलं, मग दुनळीचं केलं. "भिंतीला शोभते हो," म्हणाले. झालं! म्हणजे आमची होती ती बंदूक, आणि त्यांची होती ती तसबीर.

मग पोळा आला. आमच्याकडचा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेला आम्ही आखर म्हणतो. तिथे दोन खांबांना दोर बांधून आंब्याच्या पानांचं तोरण लावतात. सजवलेल्या बैलजोड्या तोरणामागे रांगेनं उभ्या राहतात. गावातले हौशी लोक झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांची खिल्ली उडवणारी गाणी, आणि सगळे "हर हर महादेव" करतात. मग आमच्या गावची रीत अशी, की बंदुकीचा बार निघतो, तोरण तोडतात आणि पोळा फुटतो. फुटतो म्हणजे सगळे बैल उधळत घराकडे सुटतात, कारण घरी पुरणपोळी वाट पाहत असते, हे बैलांनाही ठाऊक. तो बार काढायचा मान आमच्या घराचा, मामाजींच्या आजापासूनचा.

बायका आखरावर जात नसत. पण आमचं घर आखराला लागून, त्यामुळे तुराट्यांच्या कुडावरून मला सगळं दिसे.

त्या वर्षी सभापतींनी ठाणेदारांना पाहुणे म्हणून आणलं. पाहुण्याला खुर्ची पाहिजे, खुर्चीला मानाची जागा पाहिजे, आणि मानाची जागा म्हणजे मधोमध. मधोमध काय होतं? तोरण! आमच्या गावातलं शेंबडं पोट्टंसुद्धा तोरणाखाली उभं राहत नाही. पण साहेबांना सांगणार कोण? ते तोरणाखाली पायावर पाय टाकून बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे बेंदूर असतो. फार शांत कार्यक्रम असतो."

भाऊजी दुनळी घेऊन आलेले. मामाजींना म्हणाले, "काकाजी, औंदा मान मले द्या. पाहुणे आले हाय."

मामाजी म्हणाले, "मान लायसनवाल्याचा, बावा."

आखर असा हसला की बैल दचकले. भाऊजींचं तोंड उतरलं. शेवटी चार लोकांनी मध्ये पडून ठरवलं, दोघांनीही बार काढावा, आधी काकाजींनी. मामाजींनी बंदूक उभी धरली आणि ठासायला बसले. पाहुण्याच्या मानानं त्यांनी दारू दुप्पट घातली. ठासली. चिंध्या घातल्या. ठासल्या. पोळ्याचा बार नुसता आवाजाचा, छर्रे घालत नसत. मग टोपीसाठी पिशवीत हात घातला. टोपी सापडेना. दारूची पुडी निघाली, सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, टोपी काही निघेना.

भाऊजींना कुठला दम धरवतो! उचलली दुनळी आणि दोन्ही नळ्या एकदम झाडल्या. काडतुसं खरी, आत छर्रे भरलेले. तोरणाचा दोरच तुटला. सबंध तोरण साहेबांच्या गळ्यात येऊन पडलं.

आता बैलांना काय शिकवलेलं? बार झाला, तोरण पडलं, की पळा. बैलांनी कायदा पाळला. सगळा आखर एकदम सुटला, आणि मध्ये खुर्ची. साहेब जे उठले ते तोरणासकट थेट मारुतीच्या पारावर! एवढ्या चपळाईनं मी कोणत्याच सरकारी माणसाला उठताना पाहिलं नाही. त्यांची टोपी एका बैलाच्या शिंगात अडकून आमच्या शेजाऱ्याच्या दारात पोचली. शेजारीण ओवाळायला ताट घेऊनच उभी. तिनं बैलाला कुंकू लावलं, टोपीला लावलं, आणि दोघांनाही ओवाळलं. मी कुडाला धरून खाली बसले. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माय वं, काय तो दिवस!

पण धूळ खाली बसली आणि साहेब पारावरून ओरडले, "गोळी कोणी झाडली?"

सगळं गाव सभापतींकडे पाहत होतं. सभापती मामाजींकडे पाहत होते. दुनळी कधीच जीपमध्ये जाऊन चादरीखाली झोपली होती. आखरावर एकच बंदूक दिसत होती, माझ्या सासऱ्यांच्या हातात. दुसऱ्या हातात गज.

ठाण्याच्या जमादारांनी येऊन बंदूक काढून घेतली. मामाजी म्हणाले, "अहो, हे तर सुटलीच नाही! टोपी कुठी लावली मी?" पण पंचनामा सुरू झाला होता. पंच कोण, तर सभापतींचा गडी आणि सभापतींचा जीपवाला. त्यांनी पाहिलं होतं म्हणे, ठासणीच्या बंदुकीतून धूर निघताना.

"आजोबा," साहेब मान झटकत म्हणाले, आंब्याची पानं अजून कॉलरमधून पडत होती, "कायदा सगळ्यांना सारखा असतो."

"मंग याले लावा ना!" मामाजींनी भाऊजींकडे बोट केलं.

"त्यांच्या नावावर बंदूकच नाही. कागदोपत्री."

ऐकलं? लायसन काढलं ही मामाजींची चूक. लायसन नसतं तर त्यांच्याकडेही बंदूक नसती.

बंदूक गेली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. मामाजी रिकाम्या खुंटीसमोर बसून राहत. भाकर वाढली तर अर्धी खात. वावरात शेंगा भरायला लागल्या होत्या, आणि डुकरांना खबर लागायला वेळ लागत नाही. माझे मालक रोज घासलेटचा रिकामा डबा घेऊन जागलीला जात आणि रात्रभर बडवत. पहिल्यांदा डुकरं पळाली. मग बांधावर उभं राहून ऐकायला लागली. नंतर तर डबा वाजला की यायची. त्यांना वाटत असावं, पंगतीला बोलावताहेत. सकाळी वावरात नवा खड्डा, उलथलेली वेलं आणि फोलपटं. काढणीपर्यंत बंदूक परत आली नाही, तर त्या वर्षी आमच्या घरात काय शिजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मालक म्हणायचे, "पाहू, देव हाय." मला असा राग यायचा! देवाकडे काय बंदूक आहे का?

एक दिवस ज्वारी पाखडता पाखडता माझ्या डोक्यात आलं. सूप टाकून उठले. "मामाजी, पोळ्याची दारू तुम्ही ठासली होती ना?"

"दुप्पट."

"अन् बार तर निघालाच नाही. मंग थे दारू हाय कुठी?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जीव आला. "तिच्या पोटात हाय वं माय! अजून तशीच हाय!"

"मंग पंचनामा खोटा! भरलेली बंदूक सुटली कशी?"

बंडी जुंपली. मालक रात्रभर डबा बडवून आडवे पडलेले, म्हणून मीच मामाजींबरोबर गेले. बाजाराचा दिवस होता. ठाण्यात गेलो तर आमची बंदूक कोपऱ्यात उभी, आणि तिच्याच बाजूला भिंतीला टेकून जमादार बिडी ओढताहेत.

"जमादार," मी म्हटलं, "थे बिडी विझवा."

"काहून?"

"तुमच्या बाजूले दुप्पट दारू उभी हाय. टोपी नाही, भोक उघडं हाय. एक ठिणगी गेली की तुम्ही अठी, अन् तुमची टोपी राळेगावात."

जमादार उठले नाहीत, उडाले. बिडी खिडकीतून बाहेर गेली. साहेबांनी हळूच खुर्ची मागे सरकवली. मग मी पदर खोचून सगळं सांगितलं. पंचनाम्यात लिहिलंय बंदुकीतून बार निघाला. बार तर अजून आत आहे. छर्रा तर घातलाच नव्हता, मग दोर तुटला कशानं? आता एकतर बंदूक खोटी, नाहीतर कागद खोटा. बंदुकीला लिहितावाचता येत नाही, साहेब.

साहेबांनी मिशीवर बोट फिरवलं. "रिकामी कशी करतात ही?"

"बार काढूनच," मामाजी म्हणाले. "दुसरा रस्ता मले येत नाही. पण तुमचा हुकूम पायजे."

"हुकूम आहे ना माझा," साहेब इतकं गोड बोलले की मीच विरघळले. "मागच्या बाजूला मोकळी जागा आहे. घ्या काढून."

मागे मोठा निंब होता. बघता बघता अर्धा बाजार गोळा झाला. मामाजींनी या वेळी टोपी धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. बसवली. बंदूक आभाळाकडे धरली. शिपायांनी कानांत बोटं घातली. आणि असा बार निघाला, बाप्पा! निंबावरचे कावळे उडाले, ठाण्याचं एक कौल घसरून खाली आलं, जमादार मटकन बसले. बाजारातल्या कुणीतरी आरोळी दिली, "हर हर महादेव!" आणि सगळ्यांनी उचलून धरली. पोळ्याचा बार निघाला होता, उशिरा का होईना, मानकऱ्याच्या हातून. मामाजींची मान ताठ झाली होती. मला रडू आवरेना.

साहेब पुढे आले. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळीला नाक लावलं, मग जमादारांपुढे धरली. "वास येतो?"

"येते सायेब."

"नळी?"

"गरम हाय सायेब."

"लिहा. तपासणीत बंदूक चालवल्याच्या खुणा आढळल्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अहो, आता तुमच्यापुढेच, तुमच्याच हुकमानं..."

"कसला हुकूम, बाई?" साहेबांचा आवाज तसाच गोड. "आत दारू होती याला आता पुरावा काय? आणि ठाण्याच्या आवारात, भर बाजाराच्या दिवशी बार काढलात, तो गुन्हा मी वेगळा लावत नाही. म्हातारं माणूस आहे."

वर आमच्याकडे असे पाहत राहिले, की जणू आम्ही त्यांचे आभार मानायचे! मी तिथे जे बोलले ते छापण्यासारखं नाही. अस्सल वऱ्हाडीत बोलले म्हणून साहेबांना अर्धंच कळलं. जमादारांना सगळं कळलं. ते खाली मान घालून हसत होते. पण बंदूक काही सुटली नाही. रिकाम्या हातानं बंडीत बसून घरी आलो.

संध्याकाळी भाऊजी आले, तोंडावर दया घेऊन. "काकाजी, ठाण्यात कायले गेले? मले सांगाचं होतं. डुकरंच मारायची हाय ना? मी हाय तर तुमाले बंदूक काहून पायजे?" मामाजींनी पाठ फिरवली. भाऊजी त्यालाच होकार समजले.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही वावरात गेलो आणि धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, थबकलो. वावरातून जीप गेली होती. आडवी गेली होती, उभी गेली होती, गोल फिरली होती. वेलं जमिनीत दाबली गेली होती, शेंगा फुटून मातीत मिसळल्या होत्या. डुकरांनी जे ठेवलं होतं त्यातलं चाकांनी काही ठेवलं नव्हतं. जागोजागी दुनळीची रिकामी काडतुसं पडलेली. माझे मालक मांडीवर डबा घेऊन बसले होते. "सभापती अन् ठाणेदार आलते शिकारीले," म्हणाले. "मी म्हटलं, सायेब, जीप धुऱ्यावरच ठेवा. तर मलेच म्हणे, तू डबा वाजवू नको, डुक्कर भडकते."

एक डुक्कर मेलं होतं. बाकीची पलीकडच्या काठाला गेली होती, पुन्हा यायला.

मी वावरातच बसून रडले, शिव्या दिल्या, पुन्हा रडले. घरी येऊन चूलसुद्धा पेटवली नाही. दुपारी सभापतींचा गडी आला. हातात पळसाच्या पानात बांधलेला वाटा. "वावर तुमचं, म्हणून भाऊनं मटन पाठवलं," म्हणाला. मी ते उचलून त्याच्या तोंडावर फेकणार, तेवढ्यात मामाजींनी माझा हात धरला.

"ठेव, सूनबाई," ते म्हणाले. "आपल्याच शेंगा हाय त्याच्यात."